पूर्वीचे आजार : निरंक

साताऱ्याहून निघायच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात पुरावे नष्ट करण्याचं काम चाललं होतं. आमचे हे कोषागार कार्यालयातून निवृत्त झालेले. तीस वर्षं लोकांच्या औषधोपचाराच्या बिलांवर त्रुटी काढून ती परत पाठवली, त्यामुळे कुठला कागद कुठे अडकतो हे यांना तोंडपाठ. सरकारी माणसाची औषधोपचाराची सवलत देशाच्या हद्दीपाशी संपते, म्हणून जर्मनीसाठी एका सरकारी विमा कंपनीची पॉलिसी घेतली. तिच्या फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : निरंक.

आता, दोन वर्षांपासून यांच्या हृदयाचे ठोके चुकतात आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागते. पण “आजार लिहिला की विमा अडतो, मला नको शिकवूस,” म्हणत यांनी सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरल्या. पाकिटं गेली बंबात. मी शाळेत बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि घरात ही डबी माझ्याच पर्समध्ये ठेवून घेतली.

जर्मनीतल्या लेकीला, ऋचाला, यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. “उगाच काळजी नको पोरीला!” हे आमच्या घरातलं दुसरं निरंक.

ऋचा र्युसेल्सहाइमला एका मोटारकंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. गाव इतकं शांत की रविवारी मिक्सर लावायची चोरी; इडलीचं पीठ शनिवारीच वाटून ठेवायचं. यांचा जीव मात्र तिच्या क्रांकनकासच्या (सरकारी आरोग्य विमा निधीच्या) कार्डात अडकला होता. डॉक्टरला ते दाखवलं की झालं, बिल नाही, त्रुटी नाही!

“आम्हाला घे की त्यात,” हे म्हणाले.

“नाही जमत, बाबा. नवरा आणि मुलं चालतात.”

“आणि जन्मदाते?”

“आल्झो... म्हणजे, ते नाही.”

यांना जर्मन सरकारबद्दल एकदम आदर वाटला. इतका स्वच्छ नकार यांनीसुद्धा कधी लिहिला नसेल.

चौथ्या दिवशी तिघं आगगाडीनं हायडेलबर्गला गेलो. स्टेशनवर ब्रेत्सेल (गाठ मारलेला खारा पाव) खाल्ला. यांनी वरचं जाडं मीठ नखानं खरवडून बाजूला काढलं.

“बाबा, मीठ कधीपासून सोडलंत?”

“तापट माणसानं मीठ कमी खावं,” हे म्हणाले. त्या प्रवासातलं यांचं ते सर्वांत खरं वाक्य.

डोंगरावरचा किल्ला निम्मा पडका आहे, तरी झाडूनपुसून तिकीट लावून दाखवतात. आमचा अजिंक्यतारा फुकट आहे, म्हणून शेजारी राहून आम्ही वर्षानुवर्षं चढत नाही. खाली नेकार नदी, तांबडी कौलं आणि जुना दगडी पूल. पुलाच्या तोंडाशी ब्राँझचं माकड बसलंय. त्याच्या बोटांना हात लावला की माणूस पुन्हा हायडेलबर्गला येतो म्हणे. यांनी हात लावला, फोटोत नीट यावं म्हणून दोन पावलं मागे सरकले आणि गोल दगडांच्या फरशीत पाय अडकून उताणे पडले. डोकं कठड्यावर आपटलं.

“मुका मार आहे, काही नाही,” म्हणत उठूनही बसले. तोवर कुत्रं फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी आम्हाला न विचारताच रुग्णवाहिका बोलावली होती.

नोटआउफनामेत (तातडीच्या विभागात) एका तरुण डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, रक्त पातळ करायचं काही औषध घेता का?

“नो. निल,” हे ठणकावून म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी पर्स घट्ट धरली. खोटं कशाला सांगू, त्या दोन मिनिटांत मीही विम्याचाच विचार करत होते.

मग यांना भडाभडा उलटी झाली आणि माझा विमा तिथेच संपला. मी पर्समधून डबी काढून बाईंच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं आणि एक पाऊल मागे सरल्या.

“आई, हे काय आहे?” ऋचानं विचारलं.

“बाबांच्या गोळ्या. रक्त पातळ करायच्या. दोन वर्षं झाली.”

तिचा चेहरा मला अजून आठवतो. पण ती रडली नाही, डॉक्टरांचं ऐकून भराभरा सांगू लागली, “बाबा, नाव सांगा गोळीचं. प्रत्येकीचा उतारा वेगळा असतो. डोक्यात रक्त साचत असेल तर थांबायला वेळ नाही.” नाव मला येत नव्हतं. ते होतं पाकिटावर, आणि पाकिटं बंबात.

हे छताकडे बघत राहिले. “अगं, एकदा इथल्या कागदावर नाव चढलं, की तिकडे दावा...”

“अहो, चुलीत गेला तुमचा दावा!” मी ओरडले. सगळा विभाग वळून बघायला लागला. “मी काय एकटी जाऊ परत? ही हिंगाची डबी घेऊन?” मग यांचा हात धरला. “मला भीती वाटतेय हो.”

एवढ्या वर्षांच्या संसारात हे मी यांना कधी सांगितलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाव सांगितलं, मिलिग्रॅमसकट. वर म्हणाले, “सकाळी आठ वाजता, नाश्त्यानंतर.”

स्कॅनमध्ये डोक्यात थोडा रक्तस्राव निघाला. उतारा लगेच दिला. पाच दिवस ठेवून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते, हे डॉक्टरांनी ऋचाला सांगितलं आणि ऋचानं मला, यांना घरी आणल्यावर.

साताऱ्याला परतल्यावर यांनी रीतसर दावा पाठवला, गोळीच्या नावासकट. महिन्याभरात उत्तर आलं : पूर्वीचा आजार दडवल्याने दावा नामंजूर. यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मसुदा चांगला आहे. एकही त्रुटी नाही.”

यंदा ऋचानं पुन्हा बोलावलंय. माकडाची कृपा. परवा जेवणाच्या टेबलावर यांनी नवा फॉर्म भरला. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात लिहिलं, ‘सोबत जोडपत्र पाहावे’, आणि जोडपत्र दीड पान भरलं. मग माझा फॉर्म पुढे ओढला.

“पूर्वीचे आजार?”

“निरंक लिहा,” मी कुकर लावता लावता म्हणाले.

यांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले. “जिना उतरताना कठडा धरतेस. कधीपासून दुखतायत गुडघे?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

“दुसरा कागद घ्या,” मी म्हणाले.