पावतीचा भाव

गोरेगावच्या आठवडी बाजारात मी तेवीस वर्षं मिरची विकते आहे. साखऱ्याहून जीपने येते. पोतं टपावर, मी आत. माझ्या शेजारी बांगड्यांची टोपली मांडून आपा बसायची. तिचं घर गोरेगावातच, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणाऱ्यांचं. आम्ही दोघी एका वयाच्या, दोघींचे नवरे गेलेले, दोघींचे गुडघे कामातून गेलेले. ती मला अक्का म्हणते, आणि चिडली की बुढी. आमच्यात जीव लावण्याची वगैरे बोलणी होत नाहीत. मी उठून कुठे गेले तर ती माझी मिरची विकायची आणि गिऱ्हाईकाकडून दहा रुपये जास्तच काढायची. एवढं पुरे होतं.

आपाला गाळा हवा होता. बाजाराच्या तोंडाशी पत्र्याचे सहा गाळे आहेत, त्यातला शेवटचा. मालक दोन लाख सांगत होता. आपाचे अगदी तेवढेच पैसे गावातल्या एका पतसंस्थेत होते. अकरा वर्षं रोज पन्नास, कधी शंभर असे पतसंस्थेचा माणूस टोपलीपाशी येऊन घेऊन जायचा, त्यातूनच ही ठेव झाली होती. मुदत उन्हाळ्यात संपत होती आणि मालक तोवर थांबायला तयार होता.

"एकदा स्टुलावर बसून धंदा करायचा हाय, अक्का," ती म्हणायची. "जिंदगीभर मीच गिऱ्हाईकाकडं वर बघून राहिले. आता त्यांनी बघावं."

मी चौथी शिकलेली बाई आहे. बँकेतलं मला काही कळत नाही. बाजारातलं कळतं. पतसंस्थेच्या दारावर व्याजाची पाटी असते. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिच्यावर साडेनऊ टक्के लिहिलेलं होतं. दिवाळीनंतर साडेदहा झालं. संक्रांतीला साडेअकरा, आणि म्हाताऱ्यांना वर अर्धा. लोक खूश झाले. मला ते पटलं नाही. माझा माल चांगला असला की मी गिऱ्हाईकाला हाकसुद्धा मारत नाही. मिरची सादळली की मग हाका मारते, भाव पाडते, वर मूठभर टाकते. पतसंस्था एकाएकी मूठभर जास्त का टाकते आहे?

त्यात रोजचे पैसे नेणारा माणूस पूर्वी संध्याकाळी यायचा, तो सकाळीच यायला लागला. आमची भवानीही झालेली नसायची.

मग आडत दुकानात मी जे ऐकलं त्याने माझी खात्री झाली. मी घरच्या हळदीचे पैसे न्यायला गेले होते. आडत्या एका शेतकऱ्याला सांगत होता, "शंभराच्या पावतीचे पंच्याण्णव देईन. आत्ता, रोख." पावती म्हणजे त्याच पतसंस्थेची ठेवीची पावती. आडत्याच्या डोक्यावर तिथलंच कर्ज होतं, आणि दुसऱ्याची पावती त्याच्या कर्जात वळती करून घ्यायला पतसंस्था तयार होती. पंच्याण्णवला घ्यायची आणि शंभराचं कर्ज फेडायचं, असा त्याचा हिशोब होता. पण मी बघत होते ती विकणाऱ्याकडे. पतसंस्थेत जाऊन शंभर मागायचे सोडून हा माणूस इथे पंच्याण्णव का घेतो आहे?

त्या दिवसापासून दर बाजारी मी आडतीत डोकावायचे, पावतीचा भाव विचारायचे आणि घरी येऊन कॅलेंडरवर लिहायचे. पंच्याण्णव. पुढच्या बाजारी त्र्याण्णव. मग एकदा चौऱ्याण्णव झाला, तेव्हा मला वाटलं आपणच खुळ्या. त्यानंतर थेट अठ्ठ्याऐंशी.

माझी नात पुण्यात नोकरी करते. दिवसभर कॉम्प्युटरवर बँकांचे आकडे बघायचे आणि कुठली बँक डळमळते आहे ते साहेबांना सांगायचं, हे तिचं काम. एकदा फोनवर मी तिला हे सांगितलं.

"आजी, आम्हीपण हेच बघतो," ती म्हणाली. "बँकेचे कागद बाजारात किती स्वस्त झालेत, आणि ती किती महाग पैसा उचलते आहे."

"एवढंच?"

"बरंचसं एवढंच."

"मग पगार कशाचा घेतेस?"

हसली. पण लगेच म्हणाली, "आजी, तुझे पैसे आहेत का तिथे? असतील तर काढ."

माझे नव्हते. माझे पैसे पोस्टात. आपाचे होते.

मी आपाला सांगितलं. तिने हिरव्या बांगड्यांचा एक तोडा दोऱ्यात ओवला, गाठ मारली आणि मग बोलली.

"तुला समदे चोरच दिसतेत. मॅनेजर मला खुर्ची देतो. चहा पाजतो. सख्खा लेक पाजत न्हाई."

"चहा पितीस तर पी. पैसे माग."

"काहून मागू? मुदत व्हायची हाय. व्याज बुडंल."

"मुद्दल बुडलं तर व्याजाला काय चाटतीस?"

"बुढी, तुझी जबान लई वंगाळ हाय."

तो सगळा बाजार ती माझ्याशी बोलली नाही. माझी मिरचीसुद्धा विकली नाही. पण दोन दिवसांनी पतसंस्थेत गेली. पुढच्या बाजारी मी काही विचारण्याआधीच तिने सांगितलं. मॅनेजरने खुर्ची दिली, चहा दिला. मुदतीआधी पैसे हवेत म्हटल्यावर म्हणाला, पंधरा दिवसांनी या. आणि वर म्हणाला, घरात आणखी काही असेल तर आणा, आत्ता व्याज चांगलं आहे.

"पंधरा दिवसांत देतो म्हनला," आपा म्हणाली. पण माझ्याकडे बघत नव्हती.

"आपा, ज्याच्याकडं असतात तो पंधरा दिवस सांगत न्हाई."

तिने डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. एका मुलीच्या हातात बांगड्या भरत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या हातून भरताना बांगडी फुटलेली बघितली. पोरीला लागलं नाही. आपाने तिला एक बांगडी फुकट दिली.

आता पुढचं मी सांगते ते मला शोभणारं नाही, तरी सांगते.

त्याच बाजारी, टोपल्या उचलायच्या वेळी, मला एक गोष्ट सुचली. गाळ्याच्या मालकाने तो गाळा बांधला तेव्हा त्याच पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. पत्रे उतरले तेव्हा मी तिथेच होते, त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि हप्ते अजून चालू होते. म्हणजे आपाची पावती आपाच्या हातात ऐंशी-नव्वदची असली तरी मालकाच्या हातात ती पुऱ्या शंभराची होती. त्याने पैशांऐवजी पावतीच घेतली असती तर सगळं सुटत होतं. मालक समोरच, चहाच्या टपरीवर उभा होता. वीस पावलं चालायचं होतं.

मी गेले नाही. जीपमध्ये बसून घरी आले.

कारण एकच. आपा गाळ्यात गेली की माझ्या शेजारची जागा रिकामी होणार. तिचे पैसे अडकले तर ती माझ्याशेजारी मरेपर्यंत बसणार होती. हे मी असं शब्दांत मनाशी बोलले नाही, पण तेच होतं. आठवडाभर मी भाकरी थापली, मिरच्यांचे देठ काढले, आणि कुणालाही काही बोलले नाही. नातीचा फोन आला तर तिला म्हटलं, सगळं बराबर आहे.

पुढच्या बाजारी आडतीत भाव विचारला. ब्याऐंशी. मी तिथूनच तडक मालकाकडे गेले, आपालाही न सांगता, आणि पावतीवर गाळा देतोस का म्हणून विचारलं.

"कालपर्यंत दिला असता, काकू," तो म्हणाला. "मला हे वळतीचं कालच आडत्यानं सांगितलं. आता बाजारात ब्याऐंशीला पावत्या मिळून राहिल्या, तर मी तुमच्या आपाची शंभरला काहून घेऊ?"

मी त्याच्याशी दुपारपर्यंत भांडले. त्याच्या मुलीच्या लग्नात आपाने सगळ्या पाहुण्यांच्या बायकांना बांगड्या भरल्या होत्या तेही काढलं. शेवटी पावती आणि वर पंधरा हजार रोख, यावर तो आला. आपाला येऊन सांगितलं. तिला वाटलं मी देवदूत आहे. माझा हात धरून ठेवला. तो मी सोडवून घेतला.

आपा आणि मालक पतसंस्थेत गेले, सह्या झाल्या. मॅनेजरने चहा दिला. त्याला रोख काहीच द्यायचं नव्हतं, म्हणून तोही खुशीत होता. पंधरा हजार आपाने घरातून कुठून काढले ते मी विचारलं नाही. नंतर तिच्या पायात चांदीच्या तोरड्या दिसल्या नाहीत.

महिन्याभरात पतसंस्थेने आठवड्याला हजारच देऊ असं सांगितलं. दारात रांगा लागल्या. भाव साठावर आला. आपा गाळ्यात स्टुलावर बसून रांगेकडे बघायची आणि रांगेतल्या ओळखीच्या बायकांना पाणी द्यायची. माझ्या शेजारी आता एक लसूणवाला बसतो. त्याला बोलायला लावावं लागतं.

पण पतसंस्था बुडाली नाही. मी बुडणार म्हणाले होते, ते चुकलं. वर्षभराने एका मोठ्या संस्थेने ती सांभाळायला घेतली, लोकांना हप्त्याहप्त्याने पैसे मिळायला लागले, आणि भाव चढत चढत सत्त्याण्णवला आला. आपाला हे कळलं तेव्हा तिने रस्त्यापलीकडून, भर बाजारात ओरडून विचारलं, "काय अक्का, बुडाली का गं तुझी पतसंस्था?" चार माणसं हसली. त्यानंतर दर बाजारी ती हेच विचारते.

एकदा मी मिरची लसूणवाल्यावर सोडून तिच्या गाळ्यात गेले. पायरीवर बसले आणि तिला सांगितलं, की त्या बाजारी मला सुचलं होतं आणि मी मालकाकडे गेले नाही. का गेले नाही तेही सांगितलं. तुझ्या तोरड्या माझ्यामुळे गेल्या, म्हटलं.

एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने नंतर ये म्हणून सांगितलं. हे मी कधी बघितलं नव्हतं.

"पंधरा हजार," ती म्हणाली.

"व्हय."

"मिरची काय भावानं हाय?"

"दोनशे."

बोटांवर मोजायला लागली. मी तिला मदत केली नाही. तिचं तिनेच काढलं. "पंच्याहत्तर किलो."

"एकदम न्हाई देता येणार मला."

"एकदम घेऊन मी काय धूर करू? बाजाराला अर्धा किलो दे."

"तीन वर्षं लागतील, आपा."

"मग लागू दे. वसूल झाल्याबिगर मी मरत न्हाई, आन्‌ तू बी मरायचं न्हाई. येऊन द्यायचं, हितं. कुनाच्या हाती धाडायचं न्हाई."

या आठवड्यात चौदावा अर्धा किलो झाला. नुसती मिरची घेत नाही, देठ काढून मागते. गाळ्याच्या पायरीवर बसून मी काढून देते, आणि ती वरून बघत असते.