दोरीवर दोन शर्ट

आमच्या टेकडीवर हो म्हणायची एक पद्धत आहे. कार्निव्हलच्या आधी मंडळाचा शर्ट घरी येतो. ज्याला त्या मंडळात वाजवायचं असेल तो शर्ट धुऊन खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकतो. टाकला की शब्द दिला. नसेल जायचं तर शर्ट घडी करून स्वतःच्या हातानं परत द्यायचा.

कार्निव्हलच्या शुक्रवारी सकाळी दिर्सेच्या दोरीवर दोन शर्ट होते. एक पिवळा, एक निळा. आणि ती दोन्ही मंडळं रविवारी सकाळी आठलाच निघणार होती.

मी पाव घेऊन पायऱ्या चढत होतो. थांबलो. समोरच्या खिडकीतल्या दोघी आधीच बघत होत्या. एकीनं विचारलं, "आन्सेल्मो, दिर्सेनं तिसरा हात उगवलाय का रे?"

दिर्से घरी नव्हती. ती दवाखान्यात खांद्यात इंजेक्शन घ्यायला गेली होती.

तिनं एकेचाळीस वर्षं हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. पाळीत दोनशे दहा चादरी. उजवा खांदा त्यातच गेला. रविवारी सुट्टी असे, तेव्हा ती ढोल उचलायची. आमच्या टेकडीच्या मंडळाचं नाव ‘लंगड्यांची उतरण’. त्यात पहिला ढोल तिचा नवरा वाजवायचा. तो वारल्यावर मंडळाचा म्होरक्या वाल्देमिरो म्हणाला होता, बाईला नऊ किलो झेपणार नाही. दिर्सेनं ढोल गळ्यात घातला आणि पायऱ्या खालून वर, वरून खाली, दोनदा वाजवत केल्या. ठोका एकदाही हलला नाही. पुढची सतरा वर्षं कुणी विषय काढला नाही.

पहिला ढोल म्हणजे जोरात वाजवणं नव्हे. जोर कुणालाही येतो. साठ वाजवणारे त्या एका ठोक्यावर पाय टाकतात. तो अर्धं पाऊल पुढे गेला की सगळे सांडतात.

निळा शर्ट ‘इस्त्री बंद’ या मंडळाचा. चाळीस बायका. धुलाईवाल्या, स्वयंपाकिणी, बसच्या कंडक्टर. दोन वर्षं दर मंगळवारी दिर्सेनंच त्यांना शिकवलं. या रविवारी त्या पहिल्यांदाच रस्त्यावर येणार होत्या, खाली बंदराच्या सपाट रस्त्यावर. पहिला ढोल धरेल अशी त्यांच्यात अजून कुणी तयार नव्हती.

डॉक्टर एकही मिरवणूक नको म्हणाला होता. दिर्सेनं भांडून एक मिळवली. कुठली, ते शनिवारी ठरवायचं म्हणून तिनं दोन्ही शर्ट कपाटात ठेवले होते. तिची बहीण ओफेलिया सणाला आली होती. तिला कोरे रंगीत शर्ट दिसले. घामात रंग सुटेल म्हणून तिनं ते मिठाच्या पाण्यात भिजवले, पिळले आणि वाळत टाकले.

दिर्से परत आली तेव्हा मी तिच्या दारातच होतो. तिनं दोरी बघितली. आवाज चढवला नाही.

"ओफेलिया, हे कधी टाकलंस?"

"सातला. बघ, थेंब रंग गेला नाही."

"काढायचे होतेस तरी."

"ओले काढू? मला काय माहीत तुमच्या टेकडीचे कायदे? आमच्याकडे शर्ट धुतला म्हणजे शर्ट धुतला."

दिर्से खुर्चीत बसली. मला म्हणाली, "वाल्देमिरोनं पहिल्या ढोलासाठी ओतासिलिओला बोलावून ठेवलं होतं. मी नाही आले तर म्हणून. जा, त्याला सांग थांब."

मी गेलो. उशीर झाला होता. वाल्देमिरोनं आठलाच पिवळा तेवढाच पाहिला आणि ओतासिलिओला मोकळं केलं. ओतासिलिओनं दुसऱ्या वस्तीतल्या मंडळाचा शर्ट घेऊन दोरीवर टाकलासुद्धा. खाली ल्युसिमार होती, ‘इस्त्री बंद’ची पुढारीण, बसवर कंडक्टर. तिनंही निळा शर्ट दोरीवर आल्याचं ऐकून उसनी ढोलवाली नको म्हणून कळवलं होतं. आता दोन्हीकडे पहिला ढोल एकच, दिर्से. आणि खांदा एका मिरवणुकीपुरता.

दुपारी ल्युसिमार धावत आली. कामाचा गणवेश अंगावरच होता.

"दिर्से मावशी, लोक काहीबाही बोलतायत. पिवळापण आहे म्हणे."

"आहे."

"मग?"

"मग उद्या बारापर्यंत कळेल."

"मावशी, आमच्यातल्या नऊजणींनी सुट्टी मागितल्यावर शिव्या खाल्ल्यात. त्या रस्त्यावर आल्या आणि पहिल्या कोपऱ्यावर सांडल्या तर पुन्हा येणार नाहीत. मी सांगते ना, नाही येणार."

"मला सांगतेस? मीच शिकवलंय त्यांना."

ल्युसिमार पाणीही न पिता गेली.

दिर्सेनं मला दोन्ही वाटा चालून यायला सांगितलं. मी चव्वेचाळीस वर्षं या शहराच्या फुटपाथांवर काळे-पांढरे दगड बसवले. वाट मोजणं मला जमतं. टेकडीची वाट तेराशे पावलं, जवळजवळ सगळी उताराची. उतारावर ढोल मांडीवर आपटतो, पट्टा मानेतून खांद्यावर ओढतो. बंदराची वाट एकवीसशे पावलं, सपाट, पण सावली फक्त तीनशे पावलं. मी आलो आणि आकडे सांगितले.

"तू काय म्हणतोस?" तिनं विचारलं.

मी तीस वर्षं टेकडीच्या मंडळाची दोरी धरतो. वाजवणाऱ्यांभोवती गर्दी येऊ नये म्हणून धरतात ती. मी म्हणालो, "मला विचारू नकोस. मी पिवळ्यातला आहे."

"म्हणूनच विचारतेय."

मी पुन्हा आकडेच सांगितले. आजही वाटतं, उत्तर द्यायला हवं होतं.

शनिवारी साडेअकराला ती निघाली. पिवळा शर्ट घडी करून काखेत. मी मागून चाललो. वाल्देमिरोच्या ओट्यावर सातआठ जण ढोलांची कातडी ताणत होते. घडी केलेला शर्ट पाहिला आणि हात थांबले.

"हे काय?" वाल्देमिरो म्हणाला.

"परत."

"दोरीवर टाकलेला शर्ट परत घेत नाहीत."

"बहिणीनं टाकला. चूक माझ्या घरची आहे. म्हणून स्वतः आलेय."

"उद्या आठला साठ माणसं उभी राहणार, दिर्से. तुझ्या नवऱ्यानं काढलेली उतरण आहे ही. ओतासिलिओ गेला. मी काय डबडं वाजवू?"

"तुझ्याकडे जेनेझिओ आहे."

कुणीतरी हसलं. जेनेझिओ सव्वीस वर्षं दुसरा ढोल वाजवतो. दुसरा ढोल पहिल्याला उत्तर देतो, पहिल्याची जागा घेत नाही. तो तिथेच बसला होता. कातड्याकडे बघत म्हणाला, "माझा ठोका पुढे पळतो. सगळ्यांना माहीत आहे."

"गोदामाच्या कोपऱ्यावर पळतोस," दिर्से म्हणाली. "बाकी कुठे नाही. ती भिंत ठोका उशिरा परत फेकते, तू तिच्याशी शर्यत लावतोस."

"त्या बायकांसाठी आम्हाला सोडतेस?" वाल्देमिरोचा आवाज फाटला. "दोन वर्षांच्या पोरींसाठी?"

"त्यांना मी शिकवलं. इथे सतरा वर्षांत मी कुणाला शिकवू म्हटलं की तू म्हणायचास, दिर्से आहे ना. आता दिर्से नाही. बघ काय उरतं ते."

तिनं शर्ट ओट्यावर ठेवला. वाल्देमिरोनं हात लावला नाही. दिर्से जेनेझिओकडे वळली.

"ऊठ. कोपऱ्यावर चल. ढोल घे."

तो वाल्देमिरोकडे बघत राहिला. मग उठला.

गोदामाच्या भिंतीपाशी दोघं अडीच तास होते. ऊन डोक्यावर होतं. दिर्सेनं ढोलाला हात लावला नाही. तो वाजवायचा, ती डाव्या हातानं त्याच्या पाठीवर थाप द्यायची. तो पळाला की थाप थांबायची. "भिंतीचं ऐकू नकोस. पायाचं ऐक." हे तिनं किती वेळा म्हटलं मी मोजलं नाही. चाळीसच्या वर असेल. शेवटच्या दोन खेपा बऱ्या झाल्या. चांगल्या नाही, बऱ्या.

रविवारी मी दोरी धरली. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, दोरी कमरेत रुतत होती. जेनेझिओचा चेहरा राखेसारखा झाला होता. पहिल्या सहाशे पावलांना काही झालं नाही. कोपऱ्याजवळ वाल्देमिरो उलटा वळून त्याच्यापुढे चालू लागला, तोंडानं पाय मोजत. ठोका भिंतीवर गेला, परत आला. जेनेझिओ सुटला. मागच्या रांगा तुटल्या, एका क्षणात गोंगाट झाला. माझ्या हातातली दोरी ढिली पडली, लोक आत घुसले. मग जेनेझिओनं टिपरू वर धरलं, पूर्ण एक मात्रा सोडली, खाली बघितलं आणि पायावर परत ठोका दिला. रांगा हळूहळू चिकटल्या. आम्ही खालपर्यंत पोचलो. टाळ्या नेहमीसारख्या पडल्या. लोकांना बहुतेक कळलं नव्हतं.

बंदराकडच्या बायका तीन तास वीस मिनिटं चालल्या. एकदाही सांडल्या नाहीत. शेवटची पाचशे पावलं दिर्सेनं डाव्या हातानं वाजवली. दुसऱ्या दिवशी तिला उजव्या हातानं कप उचलता येत नव्हता. ओफेलिया तिला काळा घेवडा आणि भात चमच्यानं भरवत होती आणि सारखी म्हणत होती, "हं, आणि मी शर्ट धुतला तर माझं चुकलं."

दुपारी वाल्देमिरो आला. दारातच उभा राहिला. टोपी काढली नाही.

"कोपऱ्यावर पळाला," तो म्हणाला.

"किती?"

"चार पावलं."

दिर्सेनं घास गिळला. "गेल्या वर्षी मी दोन पळाले होते. खांदा लटकला होता. तुला कळलं नाही?"



"कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणी बोललं नाही तर होऊन जाईल."

"नाही होत."

"मंगळवारी रात्री पुन्हा निघायचंय आम्हाला."

"मग त्याला इथे आण. उद्या दुपारी. सकाळी माझा हात बर्फात असतो." तिनं भाताकडे बघितलं. "आणि मागच्या रांगेतले कुणी दोघं शिकायला आण. तो एकटा पुरणार नाही."