दिलेली साक्ष मागे घेताना

"कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून सोपं करून सांगितलं, "स्तनाचा कॅन्सर. काखेपर्यंत पसरलाय. इतके महिने कुठं होता तुम्ही?"

शेजारून माझी बायको सालोमी म्हणाली, "मीच भ्याले, साहेब."

माझ्यासाठी ती खोटं बोलली. खरं काय ते इथं लिहितो.

तासगावजवळच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक आहे. पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या खालोखाल माझा शब्द. गाठ प्रथम हाताला लागली तेव्हा सालोमी म्हणाली होती, "आवं, एकदा दाखवून तर येऊ." मी तिला तेल लावून प्रार्थना केली. काही दिवसांनी गाठ मला लहान वाटली. रविवारी उपासनेत उभं राहून मी साक्ष दिली, की प्रभूनं माझ्या बायकोला बरं केलं. सगळी मंडळी हालेलूया म्हणाली.

त्यानंतर दवाखान्यात जाणं म्हणजे प्रभूला खोटं पाडणं, असं मी तिला बजावलं. खोटा खरं तर मी पडणार होतो. ती पदर आवळून कामं करत राहिली. झंपरला रक्त लागलं तेव्हा आम्ही सांगली गाठली.

बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. आता केमो चालू आहे. ते औषध सलाईनमधून देतात. गाठ आकसली तरच ऑपरेशन. तिला भाताचं शीतही गिळवत नाही. बाहेरच्या बाकावर मी डोळे मिटतो, पण प्रभूपुढं तोंड उघडत नाही. माझ्या हट्टालाच मी विश्वास म्हणत आलो.

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "मंडळीत सांगून या. माझ्या नावावर लबाडी नको."

रविवारी सांगितलं, की माझी साक्ष खोटी होती. कुणी आमेन म्हटलं नाही. बाहेर आल्यावर मंडळीतली शांताक्का जवळ आली, ती द्राक्षबागेत मजुरीला जाते. हळूच म्हणाली, "दादा, तुमची साक्ष ऐकून मीबी दवाखान्यात गेले न्हाई. माझी गाठ लय वाढलीया."

ज्यांच्या घरी अशी गाठ असेल त्यांना हात जोडतो, आधी दाखवा. प्रार्थना एसटीत बसूनही करता येते.

सोमवारी शांताक्काला घेऊन सांगलीच्या गाडीत बसलो. तिनं विचारलं, "दादा, बरं हुईल न्हवं?"

"ठाऊक न्हाई, अक्का," मी म्हणालो. "पर डॉक्टरपर्यंत मी संगं हाय."