उलटे वाळत घातलेले कोट

अर्धी वाट सरली तरी वहिनीने खांद्यावरचं बोचकं उतरवलं नव्हतं. आत बँडवाल्यांना पोचवायचे गडद निळे कोट होते, धुऊन इस्त्री केलेले. बरोबर चालणाऱ्या नणंदेला ती बोचक्याला हातही लावू देईना.

"दे ना वहिनी, थोडं मी घेते."

"असू दे. गच्चीची किल्ली कुणाकुणाला देतेस गं?"

हे तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा नणंदेच्या ध्यानात आलं. म्हणजे संशय आपल्यावर!

वहिनी लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. तिच्या हातचा कपडा विटत नसे. रंगीत कपडा झटकून, उलटा करून, सावलीत वाऱ्याला टाकायचा. लोकरीचा टांगायचाच नाही, आडवा पसरायचा. देवाचं करावं तशी दोरीसुद्धा रोज पुसायची. तरी गेल्या खेपेला दोन कोटांचे खांदे उन्हाने विटले. "पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन," बँडमास्तरांनी बजावलं होतं.

"ती खालच्या मजल्यावरची चष्मेवाली असणार. तिला तुझं बघवत नाही," नणंद म्हणाली.

"मलाही तेच वाटलेलं. पण मी उलटे टाकते सावलीत, आणि दुपारी बघावं तर उन्हात, सुलटे. वर गळ्याचं बटण लावलेलं! वाईटावर असलेला माणूस बटण लावत बसेल होय?"

नणंद थबकली. वाळत्या कोटाचं वरचं बटण लावावं, म्हणजे गळ्याचा आकार बिघडत नाही, हे तिने लहानपणापासून एकाच माणसाकडून ऐकलं होतं. तिच्या वडिलांकडून. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. कपड्याची आतली शिवण चारचौघांत दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"बाबा?"

"काल जिन्यात उभी राहून पाहिलं. कोटाला म्हणतात, 'आतडी बाहेर काढून टांगलं होय रे तुला?' मला वाटलं, तुम्ही बापलेकींनी मिळूनच चालवलंय."

"देवाशपथ नाही गं! ऊन खायला जातो म्हणाले, म्हणून दिली किल्ली."

वहिनीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग बोचकं उतरवून अर्धं तिच्या हातात दिलं.

"मी बोलले तर सुनेने चूक काढली असं होईल. तू लेक आहेस. जुन्या चादरीच्या पातळ खोळी शिवून मागशील त्यांच्याकडे, कोटांवर घालायला? उलट्या कोटाची शिवणही झाकली जाईल, रंगही राहील. आणि मी सुचवलंय, हे तेवढं कळू देऊ नकोस."