लाकडाला, लोखंडाला नाय

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सीमेवरच्या चौकीवर रिपोर्ट केलं. उंची तेरा हजार फूट, माणसं अठरा, बंकर चार, आणि प्रत्येक बंकरात एक बुखारी, म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी. माझ्या किटबॅगेत हुकमाप्रमाणे सगळं सामान होतं आणि हुकमाबाहेरच्या दोन वस्तू होत्या. आईने दिलेले पेणचे पोह्याचे पापड आणि बाबांच्या कारखान्यातली जवसाच्या तेलाची बाटली. पापड दोन दिवसांत संपले. बाटलीने मात्र मला जन्माची अद्दल घडवली.

कारखाना म्हणजे पेणजवळच्या जोहे गावातली आमची गणपतीच्या मूर्तींची शेड. मूर्तीखालच्या लाकडी पाटांना बाबा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात मारत. दुसऱ्या दिवशी वर काचेसारखा पापुद्रा धरायचा, नखाने खरवडला तरी निघायचा नाही. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. रायफलच्या लाकडी दस्त्याला तेच तेल लावतात, म्हणून तर मी बाटली नेली होती.

मी एलएमजीचा नंबर वन होतो. एलएमजी म्हणजे सेक्शनची हलकी मशीनगन, आणि नंबर वन म्हणजे ती चालवणारा. तिच्यावर आणि माझ्यावर लक्ष ठेवायला होते सहदेवदादा, हुद्द्याने नाईक, रोह्याजवळच्या गावचे. घरी भाताची नि वालाची शेती. बोलणं मोजकं. मी पेणकडचा म्हणून मला ते घरचाच समजत, त्यामुळे शिव्या इतरांपेक्षा दोन जास्त मिळत. हत्यार साफ करायची त्यांची पद्धत साधी होती. आधी रॉकेलने धुवायचं. मग कोरडी चिंधी फिरवायची, ती पांढरी निघेपर्यंत. मग थंडीसाठी मिळणारं पातळ तेल, तेही बोटाला लागेल इतकंच.

"धुणारं वेगळं, राखणारं वेगळं," ते म्हणत. "आणि तेल डोळ्याला दिसलं तर समज, जास्ती झालंय. इथं जाड तेल गोठतं."

डिसेंबरात कळलं की सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, तपासणीला येणार. माझ्या डोक्यात किडा वळवळला. सरकारी तेलाने गन मळकट दिसते. आपण मूर्तिकाराचा मुलगा, आपली गन अशी का दिसावी? मी बुखारीजवळ बसून तिला रॉकेलने अशी धुतली की धातू उघडा पडला. मग बोल्टला, पिस्टनला, गन भरायला मागे ओढतात त्या कॉकिंग हँडलच्या खाचेला जवसाच्या तेलाचे दोन हात मारले. बाबांनी पाटाला मारले असते, अगदी तसेच.

तपासणीत तेल ओलं होतं. बोल्ट लोण्यासारखा सरकला. सीओ साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." सहदेवदादांनी गनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढी कशी रं चमकते?" मी म्हणालो, मेहनत. हे माझ्या सैनिकी आयुष्यातलं सर्वांत महागडं खोटं.

पुढचे तीन दिवस बर्फ पडलं. रोज सकाळी बोल्ट मागेपुढे करून बघायचा, असा नियम होता. मी केला नाही. बोटांचे डाग पडले असते. गन कव्हरखाली चमकत राहिली आणि मी कव्हर उचलून तिच्याकडे बघत राहिलो. लग्नानंतर बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्याकडं कधी असं बघितलंव?"

चौथ्या दिवशी सकाळी सहा दहाला आमची चौघांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परत येत होती. शेवटचा दोनशे यार्डांचा उतार उघडा. समोरच्या शत्रूच्या चौकीने फायर उघडला. चौघेही बर्फात आडवे झाले. रेडिओवर पेट्रोल लीडरचा आवाज आला. "कव्हर दो. हिल नहीं सकते. ओव्हर."

हुकूम आला, "एलएमजी, फायर."

मी हँडल ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. पाट छान वाळला होता.

सहदेवदादा सरपटत शेजारी आले. "काय झालं?"

"जाम हाय."

"काय लावलंस?"

"जवसाचं तेल."

"कुठलं?"

"जोह्याचं."

त्यांनी एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही. मग ते बंकरात गेले आणि बुखारीचा रॉकेलचा डबा घेऊन आले. अर्धा डबा गनच्या खाचेत ओतला, थांबले, आणि उताणे होऊन बुटाच्या टाचेने हँडलवर लाथ मारली. एक, दोन. तिसरीला ते मागे आलं. "मार," ते म्हणाले. गन चालली. पहिल्या दोन मॅगझिनांना धूर फार आला, पण चालली.

या सगळ्याला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत पेट्रोलमधल्या सिग्नलमनच्या दंडातून गोळी आरपार गेली. पुढे हात बरा झाला. तो दिवाळीला फोन करतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "पॉलिश कसं चाललंय?" तो हसतो. मीही हसतो. त्या चार मिनिटांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

सहदेवदादांनी रिपोर्ट लिहिला नाही. ते म्हणाले, "मी कशाला सांगू? तूच जा नि सांग." मेजर साहेबांसमोर सावधान उभा राहून मी बाटलीसकट सगळं सांगितलं. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो.  साहेब म्हणाले, चौकीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या जवानाला हत्यार-सफाईचा क्लास तू घ्यायचा आणि सुरुवात या गोष्टीने करायची. गन काढून घेतली. जोह्याचा माणूस चौकीवर हसण्याचा विषय झाला. पण त्या हिवाळ्यात आमच्या चौकीवर एकही हत्यार जाम झालं नाही. पुढे मी वेपन इन्स्ट्रक्टर झालो, तो याच शिक्षेतून.

बाटली सहदेवदादांनी जप्त केली. पुढच्या फेब्रुवारीत ते लिंक पेट्रोलवर, म्हणजे दोन चौक्यांमधल्या गस्तीवर, गेले असताना वरून बर्फाचा कडा सुटला. तिसऱ्या दिवशी सापडले. रायफल खांद्यालाच होती. मी ती साफ करायला घेतली, तर बोल्ट एका बोटाने सरकला.

त्यांची पेटी रोह्याला पोचवायला मीच गेलो. वहिनींनी ती माझ्यासमोर उघडली. कपडे, पत्रं, मुलीचा फोटो आणि तळाला बनियनमध्ये गुंडाळलेली माझी बाटली. तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर त्यांचं वाकडंतिकडं अक्षर: लाकडाला. लोखंडाला नाय. वहिनींनी विचारलं, "ह्ये काय वं?" मग मी सगळं सांगितलं. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, आणि मग रडल्या.

फोटोतली ती मुलगी, वैशाली, आज पोलिसात आहे. हत्यारांचं कोठार तिच्या ताब्यात असतं. भरती झाल्यावर तिने मला फोन करून सरळ विचारलं, "काका, बाबा कुठलं तेल वापरायचे?" मी तासभर बोललो. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे धुणारं वेगळं, राखणारं वेगळं." हे वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं असणार.

दर फेब्रुवारीत मी पेणच्या रामवाडीहून एसटीने रोह्याला जातो. वैशाली त्या दिवशी रजा काढते. वहिनी वालाचं बिरडं करतात. भिंतीवरचा सहदेवदादांचा फोटो खाली उतरवून मी मांडीवर घेतो. चौकट सागाची आहे. बाटलीतलं मूळचं तेल कधीच संपलं. वहिनींनी परत दिलेली तीच बाटली मी दर वर्षी जोह्याहून भरून नेतो. चिंधीला दोन थेंब घेऊन चौकट पुसतो. वैशाली शेजारी उभी राहून बघते.

"दिसतंय, काका," ती म्हणते. "जास्ती झालं."

मी कोरडी चिंधी घेतो आणि पुन्हा पुसतो.