आत्याबाईंना न उतरवता

हिंगोलीच्या तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक जुनी पेट्रोलची मोटार घेतली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. आमचे यजमान नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यामुळं गाडीचं कौतुक करायला घरात आम्ही तिघंच. मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

पहिली सफर आत्याबाईंच्या माहेरी, जवळा बाजारला ठरली. ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या. औंढ्याच्या अलीकडं जो चढ लागतो, त्याच्या निम्म्यावर गाडीला धाप लागली. पहिल्या गिअरमध्येही ती पुढं सरकेना. मामंजी मान न वळवताच म्हणाले, "जरा उतरतीस का? तेवढं वजन कमी होईल."

आत्याबाई उतरल्या. डबा काखेत धरून चढ चालू लागल्या. मागून एक खचाखच भरलेली जीप आली. "मावशी, बसता का?" असं तिच्या ड्रायव्हरनं विचारलं आणि त्या बसल्यासुद्धा. आम्ही जवळ्याला पोचलो तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता. संध्याकाळी त्या एसटीनं परतल्या आणि उंबऱ्यातच सांगून मोकळ्या झाल्या, "जवर ही गाडी मला न उतरवता तो चढ चढत न्हाई, तवर मी तिच्यात बसणार न्हाई."

मामंजींना ते फार लागलं. आयुष्यभर सायकल चालवलेल्या माणसानं बायकोला बसवायला म्हणूनच गाडी घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. "सूनबाई, तुझं बीएस्सी कामी येऊ दे." मी इंजिन फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं, पण तसं सांगवलं नाही.

मेकॅनिककडं जायचं नाही, घरच्या घरी जमेल तेवढं करायचं, असं आमचं ठरलं. हवेची जाळी काढली तर ती कापसाच्या तुसानं आणि मातीनं गच्च भरलेली. उशी झटकावी तशी मी ती ओट्यावर झटकली. प्लगांची काजळी पॉलिश पेपरनं घासली. प्लगच्या टोकांत नेमकी फट ठेवायला मामंजींनी तुटक्या करवतीचं पातं मधे घालून पाहिलं. गाडी एका दमात सुरू व्हायला लागली. मग आत्याबाईंच्या जागी ज्वारीचं पोतं ठेवून आम्ही दोघं चढावर गेलो. निम्म्याच्या जरा पुढं गेलो आणि थांबलो.

"पोतं कोणतं घेतलं व्हतं?" आत्याबाईंनी घरी आल्यावर विचारलं. मामंजी हात धुवायला गेले.

पुढं कुणीतरी पारावर सांगितलं की पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या तर इंजिनला ताकद येते. मामंजींनी टाकल्या. ताकद आली नाही, पण सगळ्या गाडीला ट्रंकेतल्या शालूसारखा वास यायला लागला. "आता कसर तरी लागायची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. मग वजन कमी करायचं म्हणून आम्ही स्टेपनी घरी काढून ठेवली आणि नेमकी त्याच दिवशी चढाच्या पायथ्याशी पंक्चर झाली. मामंजी एसटीनं परत जाऊन चाक घेऊन येईपर्यंत मी पोत्याला टेकून बसून राहिले. सायलेन्सरच्या आतली जाळी काढली तेव्हा तर आवाज चार गल्ल्यांना कळला, जोर मात्र होता तेवढाच.

"अहो, काहून एवढं करून राहिले?" एकदा आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"तुझ्यासाठीच करून राहिलो ना," मामंजी बॉनेटमध्ये डोकं घालूनच म्हणाले. त्या दिवशी चहा आत्याबाईंनी स्वतः गाडीपाशी आणून दिला.

उन्हाळ्याचे दिवस होते. धूळ बसावी म्हणून आत्याबाई संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायच्या. आम्ही नुकतेच परतलो होतो. पाण्याचा एक हबका मागच्या चाकावर गेला आणि तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज आला. आत्याबाई थबकल्या. त्यांनी दुसऱ्या बाजूच्या चाकावर पाणी मारलं, तिथं काहीच नाही.

"हेच एक चाक काहून तापलंय?"

मामंजींनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. जॅक लावून ते चाक उचललं, तर हातानं फिरता फिरेना. हँडब्रेकची तार गंजून आत अडकली होती. ब्रेक वरून सोडला तरी त्या चाकाला तो धरूनच होता. इतके दिवस आम्ही इंजिनचा जोर वाढवत होतो आणि गाडी ब्रेक लावूनच चढ चढत होती.

तारेवर रॉकेल सोडलं, ती पुढंमागं ओढून मोकळी केली, ग्रीस भरलं. चाक बोटानं फिरायला लागलं तेव्हा मामंजी ते उगाच फिरवत बसले.

रविवारी आत्याबाई मागं बसल्या. यजमानही बरोबर होते, म्हणजे वजन जास्तच. चढ आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निम्म्याच्या पुढं गेली, वळणावरून गेली आणि न अडखळता माथ्यावर आली.

"थांबवा," आत्याबाई म्हणाल्या. उतरून त्यांनी मागं वळून पाहिलं. "एवढुसाच व्हता व्हय चढ?"

मामंजी चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

त्यानंतर जवळ्याचा बाजार आत्याबाईंनी सहसा चुकवला नाही. पुढं मामंजींची नजर कमी झाली, हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झालं, रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि स्टिअरिंग माझ्याकडं आलं. मामंजी शेजारी बसायचे, काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत. आत्याबाई मागून म्हणायच्या, "काच लावा, धूळ येऊन राहिली." मामंजी ऐकू न आल्यासारखं करायचे आणि मी गाडी थोडी हळू घ्यायचे.