दाराशेजारचा गेरूचा गोल

मला तक्त्यांचं वेड आहे. घरात दूध नासलं तरी मी आधी ते किती वाजता तापवलं होतं ते विचारते, असं माझी मुलगी म्हणते, आणि ते खोटं नाही. बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, मग सिकलसेलच्या कामात आले, आणि शेवटी दवाखान्यांच्या टीमना शिकवण्याचं काम माझ्याकडं आलं. आपल्याकडच्या सिकलसेलच्या पेशंटचं नेमकं कुठं अडतं ते आपणच शोधायचं, एखादा लहानसा बदल करायचा, मोजायचं, आणि सुधारलं की नाही ते भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं. वरून आदेश येण्याची वाट बघत बसायचं नाही. बाभुळगावपासून पार झरी जामणीपर्यंत मी हे शिकवत फिरले. काम चांगलं होतं, अजूनही आहे. पण त्याच कामापायी एका पोरीचा उजवा हात गेला आणि तोंडातले शब्द गेले. त्यात माझा वाटा किती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या प्रशिक्षणाला प्रत्येक आरोग्य केंद्राचे पाच जण यायचे. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाला, गावात घरोघरी फिरणारी आशाताई आणि गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हर पाहिजेच, हा माझा हट्ट. पहिल्या दिवशी फक्त डॉक्टर बोलतात, दुसऱ्या दिवशी सिस्टर, आणि ड्रायव्हरचं तोंड उघडायला तिसरा दिवस उजाडतो, म्हणून मी प्रशिक्षण तीन दिवसांचंच ठेवायची.

महागावकडच्या एका केंद्राचा ड्रायव्हर असाच तिसऱ्या दिवशी बोलला. पन्नाशीचा, कानात बाळी, सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी. पेशंटला वेळेत औषध का मिळत नाही, अडचण काय, असं मी विचारत होते. डॉक्टरांनी सात कारणं सांगितली होती. हा म्हणाला, "म्याडम, घर सापडत नाई. तांड्यात सारे घरं सारखेच. पोरगं तिकडं कल्ला करून राह्यलं, अन् मी इकडं गल्लीगल्लीनं हॉर्न वाजवत फिरून राह्यलो."

सगळे हसले. मी मात्र टेबलावर थाप मारली. सिकलसेलमध्ये रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात, आणि असं दुखतं की मोठा माणूस जमिनीवर लोळतो. सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं बरं. घर शोधण्यात अर्धा तास जात असेल तर बाकीची सात कारणं चुलीत गेली.

तोडगा त्याच दोघांनी काढला, त्यानं आणि आशाताईनं. पोलिओच्या वेळी भिंतीवर खडूनं खुणा करतातच. तसाच लाल कार्डवाल्याच्या, म्हणजे ज्याला हा आजार आहे त्याच्या घरावर, दाराशेजारी गेरूचा वाटीएवढा गोल काढायचा. फोन आला की गाडीनं तांड्यात शिरायचं आणि गोल बघायचा. मी त्यात माझी अक्कल घातली. फोन घेणाऱ्यानं वहीत पेशंटचं नाव लिहायचं नाही, फक्त तांड्याचं नाव आणि "गोल". आजाराची गुप्तता राहावी म्हणून. नाव वहीत लपवायचं आणि खूण भिंतीवर काढायची, यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

फोन आल्यापासून पेशंट खाटेवर येईपर्यंतचा वेळ तक्त्यावर मांडायला लागलो. रेघ खाली उतरत गेली, आणि उतरत्या रेघेसारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. तो तक्ता मी यवतमाळच्या सभेत दाखवला. ड्रायव्हरला प्रमाणपत्र मिळालं, ते त्यानं लॅमिनेट करून गाडीत समोरच्या काचेजवळ ठेवलं. मला टाळ्या मिळाल्या, त्या मी मनात ठेवल्या.

त्या केंद्राच्या हद्दीतल्या एका तांड्यात असे दोन गोल होते. एक गोल त्या पोरीच्या घरावर. वीस वर्षांची, हडकुळी, डोळे पिवळसर, आणि जीभ कात्रीसारखी. घरी शिलाई मशीन चालवायची. रोजची गोळी चुकवायची नाही, पण घेताना माझी नक्कल करायची, चष्मा नाकावर ओढून, "मोजलं का? लिहिलं का?" असं. मी भेटीला गेले की तिची आई, जिला ती याडी म्हणायची आणि मीही म्हणायला लागले होते, चहा टाकायची. चहा होईपर्यंत पोरगी माझ्या ब्लाउजच्या बाहीला नावं ठेवायची.

दिवाळीच्या तोंडावर मी तिथं गेले तर गोल गायब. तांड्यात चुना चालू होता, पण या घराची भिंत होती तशीच मळकी, फक्त दाराशेजारचा हातभर तुकडा पांढराशुभ्र. झाकायला जावं आणि तेच उठून दिसावं, तसला प्रकार. मी आईकडं बघितलं, तिनं पदर तोंडाला लावला.

"पाहुणे येनार हायेत ताई. पोरीले पाहाले. त्या गोलाचा मतलब आता साऱ्या तांड्याले मालूम हाये."

मला राग आला. खरं सांगायचं तर पोरीच्या काळजीनं नाही. केंद्राचे सगळे गोल जागेवर आहेत असा शेरा मी मारणार होते, आणि एक कमी झाला होता. मी आईला सुनावलं. आजार लपवून लग्न करू नका, मुलाचंही रक्त तपासून घ्या, वगैरे. बोलणं बरोबर होतं, पण तिथं ती वेळ नव्हती.

पोरगी मशीनवरून उठून आली. म्हणाली, "ताई, लपवत नाई आमी. पाहुण्याले मीच सांगनार हाये, तोंडानं. पन भिंतीनं माह्या आधी कायले सांगाव? तुमी असं करा, तुमच्या वहीत लिहून ठेवा. शाळेच्या मांगं तिसरं घर, निळं दार, शिलाई मशीनवाली. माहं नाव बी लिहा. मले चालते."

इतकंच होतं ते. वहीतली एक ओळ. माझ्या पर्समध्ये पेन होतं.

मी म्हणाले, "आणि उद्या दाराला दुसरा रंग दिलास तर?"

"देईन तं तुमाले फोन करीन," ती हसली.

मीही हसले, आणि नाही म्हणाले. एकेका घरासाठी वेगळी पद्धत ठेवली की घोटाळा होतो, सगळीकडं एकच खूण पाहिजे, असं मी तिला समजावलं. मला जे शिकवलं होतं तेच मी शिकवत होते, आणि ते पुस्तकात चुकीचं नाही. "तुमाले पोरगी नाई दिसत, गोलच दिसते ताई," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. तिच्या जिभेची मला सवय होती, मी ते मनावर घेतलं नाही. निघताना आशाताईला सांगितलं, पाहुणे गेले की गोल पुन्हा काढा. ती हो म्हणाली. पाहुणे येऊन गेले, पण त्यांचा हो-नाहीचा निरोप लवकर आला नाही, आणि तो येईपर्यंत गेरूची वाटी घेऊन त्या दारात जायचं तिच्या जिवावर आलं. मी तिला दोष देत नाही.

दिवाळी झाल्यावर तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला गेली. उरलेली माणसं दिवसभर कापूस वेचायला वावरात. आमचा जुना ड्रायव्हर बदलून दुसऱ्या केंद्रावर गेला होता. नवा आला तो मेहनती आणि हुकमाचा पक्का. त्याला माझाच छापील कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं, तांड्यात जा, गोल बघा.

एका दुपारी पोरीनं केंद्रात फोन केला. अंग फणफणलंय, छाती आणि हातपाय दुखून राह्यले, गाडी पाठवा. घरी ती एकटीच. फोन घेणाऱ्यानं नियमाप्रमाणं तांड्याचं नाव लिहिलं आणि पुढं "गोल". गाडी लगेच निघाली आणि लवकर पोचलीही. ड्रायव्हरला तांड्यात एकच गोल दिसला, तो दुसऱ्या पेशंटच्या घराचा, आणि त्या घराला कुलूप. त्यानं हॉर्न वाजवला, दारावर थापा मारल्या. आलेल्या नंबरावर फोन लावला, कुणी उचलला नाही. झाडाखाली एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, "थे लोकं ऊस तोडाले गेले ना बाप्पा, कवाचेच." कुलपाच्या घराबद्दल ते अगदी खरं होतं. ड्रायव्हर आणखी एक फेरी मारून परत गेला आणि वहीत लिहिलं, रुग्ण आढळला नाही.

तो थापा मारत होता तिथून पोरीचं दार हाकेच्या अंतरावर होतं.

दिवस मावळताना आई वावरातून आली तेव्हा पोरगी मशीनशेजारी पडलेली होती. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. मेंदूच्या नसेत रक्त अडकून लकवा झाला होता. शेजारच्या टेम्पोतून आधी महागाव, मग यवतमाळ. जीव वाचला. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, दुपारीच आली असती तर? ते म्हणाले, असं नक्की सांगता येत नाही. एवढी वर्षं दवाखान्यात काढल्यावर या वाक्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

त्या महिन्याचा तक्ता माझ्याकडं आला तेव्हा मी तो घाबरत उघडला. रेघ आणखी खाली गेली होती. जे पेशंट खाटेपर्यंत पोचले त्यांचाच वेळ धरायचा, ही व्याख्या मीच लिहून दिली होती. जी पोचलीच नाही तिला तक्त्यात जागा नव्हती. माझ्या हिशेबानं तो आमचा सगळ्यात चांगला महिना होता.

नंतर मी सगळं बदललं. वहीत नाव, पत्ता, दाराचा रंग, शेजाऱ्याचा नंबर. "आढळला नाही" अशी प्रत्येक फेरी वेगळी मोजायची आणि त्याच दिवशी पुन्हा शोधायचं. भिंतीवरचे गोल पुसले. लोक म्हणाले, मॅडम, छान सुधारणा केलीत. मी वर्गात हा किस्सा सांगते तेव्हा "एका केंद्रात असं झालं" असं सांगते. कुणाचं ऐकलं नाही म्हणून झालं, तो भाग गाळते.

तिला घरी आणल्यावर मी भेटायला गेले. जायला तीन आठवडे लावले, त्यालाही कारणं होती, सगळी खोटी. खाट ओसरीत होती. मशीनवर चादर टाकलेली. पाहुण्यांकडून निरोप आला नव्हता आणि आता कुणी वाटही बघत नव्हतं. पोरीनं मला ओळखलं, तोंडाची एक बाजू हलली. तिला बोलायचं असायचं पण शब्द फुटायचा नाही, नुसता आवाज यायचा. समजत मात्र सगळं होतं, डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं.

आईनं चहा दिला आणि माझ्यापुढं जमिनीवरच बसली. मग एकदम कपाळावर हात मारून घ्यायला लागली.

"मीनंच पुसला ना ताई थो गोल. तुमी किती सांगतलं. पाहुन्यासाठी पुसला मीनं. माह्या हातानं पोरीचा हात तोडला."

मला तेव्हा फक्त एवढंच सांगायचं होतं, की याडी, तुझ्या पोरीनं मला दुसरा रस्ता दाखवला होता, तो मी घेतला नाही. दोन वाक्यं. तिथं माझा वरिष्ठ नव्हता, चौकशी नव्हती, कुणी लिहून घेणार नव्हतं. मी म्हणाले, "जाऊ द्या याडी, नशिबात होतं." सगळ्या जिल्ह्याला कारण शोधायला शिकवणारी मी, आणि मी नशिबाचं नाव घेतलं.

पोरीनं खाटेवरून डावा हात लांबवला, आईचा पदर धरला आणि ओढला. मान जोरजोरात हलवायला लागली, नाही, नाही, अशी. घशातून आवाज काढत होती आणि डोळे माझ्यावर लावले होते.

आईनं तिचा हात धरून गालाला लावला. "पाहा ना ताई," ती मला म्हणाली, "माहं रडनं तिले पाहावत नाई."

पोरगी काय सांगत होती ते त्या घरात फक्त मला कळत होतं. मी चहा संपवला, पर्स उचलली, आणि पुढच्या भेटीची तारीख कार्डावर लिहून दिली.